नैराश्य

मनाची उमेद, शरीरातली शक्ती आणि विचारांचा वेग या तिन्हींना एकदम ओहोटी लावणारा आजार. ‘अवसाद’ हा त्याचा पर्यायी शब्द. बोलण्यात ‘डिप्रेशन’ हा शब्द कमी पडलेल्या गुणांपासून फिसकटलेल्या सहलीपर्यंत कशालाही लावतात, त्यामुळे आजार आणि साधी उदासी यांची गल्लत होते. उदास माणसाला मधेच हसू फुटते, आवडीचे गाणे बरे वाटते. नैराश्यात ही गोडीच आटते, आणि तसे व्हायला काही घडलेले असावेच लागते असे नाही.

निदानासाठी खिन्नता किंवा कशातही रस न वाटणे, यांपैकी एक लक्षण जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ आणि किमान २ आठवडे असावे लागते. झोप घटणे अथवा वाढणे, भूक घटणे अथवा वाढणे, थकवा, हालचाली मंदावणे किंवा सतत चुळबुळ, लक्ष न लागणे, अपराधीपणा, मरणाचे विचार ही बाकीची लक्षणे. एकूण ९ पैकी ५ आढळली आणि रोजचे जगणे त्यांनी विस्कटले, तर नैराश्याचे निदान होते. पुष्कळ रुग्ण मात्र मनाविषयी बोलतच नाहीत. डोके, पाठ, पोट यांच्याच तक्रारी सांगतात. किशोरवयात खिन्नतेऐवजी चिडचिड दिसते.

आनुवंशिकता, बालपणातले आघात, दीर्घ ताण, एकटेपणा, प्रसूती, व्यसने अशी कारणे एकमेकांत गुंतलेली असतात. ‘मेंदूतले सिरोटोनिन हे रसायन कमी झाले’ हे लोकप्रिय स्पष्टीकरण फारच तोकडे आहे. थायरॉईड मंदावल्यामुळेही अशीच लक्षणे दिसू शकतात, म्हणून रक्ततपासणी सांगितली जाते.

या आजाराची खरी अडचण अशी, की मदत मागायला लागते तीच शक्ती तो आधी हिरावतो. ‘डॉक्टरांकडे जाऊन काय होणार’ हा विचार रुग्णाला स्वतःचा निष्कर्ष वाटतो, असतो मात्र आजाराचाच भाग. अशा वेळी ‘मन खंबीर कर’ हा सल्ला निरुपयोगीच नव्हे, तर अपराधीपणात भर घालणारा. त्यापेक्षा डॉक्टरांची वेळ ठरवून देणे आणि सोबत जाणे उपयोगी पडते. सुरुवात नेहमीच्या डॉक्टरांपासूनही करता येते. औषधे मानसोपचारतज्ज्ञ देतात, तर बोलण्यातून होणारे उपचार प्रामुख्याने मानसशास्त्रज्ञ करतात. पूर्वी कधी अतिउत्साहाचा, झोपेची गरजच न वाटण्याचा काळ येऊन गेला असेल तर तो आवर्जून सांगावा. त्यावरून द्विध्रुवी विकाराची, म्हणजे नैराश्य आणि अतिउत्साह आलटूनपालटून येणाऱ्या आजाराची, शंका येते आणि औषधयोजना बदलते.

नैराश्यावरचे औषध हाती लागले ते काहीसे अपघातानेच. १९५०च्या दशकात क्षयाच्या औषधाने काही रुग्ण भलतेच उल्हसित झाले. स्किझोफ्रेनिया या भास-भ्रमांच्या मनोविकारासाठी आजमावलेले इमिप्रामिन हे औषध नैराश्यावर लागू पडते, हे स्विस मानसोपचारतज्ज्ञ रोलँड कून यांनी १९५७ मध्ये मांडले. १९६०च्या दशकात अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी विचारांच्या सवयी तपासणारी उपचारपद्धती रचली. सौम्य नैराश्यात असे उपचार पुष्कळदा पुरतात. तीव्र असेल तर औषधांची जोड लागते. औषधाचा गुण यायला २ ते ६ आठवडे लागतात, दुष्परिणाम मात्र पहिल्याच आठवड्यात जाणवतात. बरेचजण नेमके याच टप्प्यावर गोळ्या सोडतात. २५ वर्षांखालील रुग्णांत सुरुवातीला आत्महत्येचे विचार वाढू शकतात, म्हणून त्यांच्यावर बारीक लक्ष ठेवावे लागते.

‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे सरळ विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही; उलट बोलायला वाट मिळते. उत्तर होकारार्थी असेल तर माणसाला एकटे सोडू नये, घातक वस्तू दूर कराव्यात आणि तातडीची वैद्यकीय मदत किंवा हेल्पलाइन गाठावी.

बरे वाटू लागल्यावरही औषधे किमान ६ महिने चालू ठेवतात आणि मग डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करतात. त्यांचे व्यसन लागत नाही, पण एकदम थांबवल्यास चक्कर, बेचैनी असा त्रास होतो. आजार उलटण्याची शक्यता राहते. तो येताना अनेकांना पहाटेची मोडलेली झोप किंवा फोन उचलण्याचा कंटाळा अशी एखादी ठरलेली खूण दिसते. घरच्यांच्या ती बहुधा रुग्णाआधी ध्यानात येते.