सुपरडोममधली 'दोनशे प्रेतं' गेली कुठे?

कतरिना वादळानंतर अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात माणसं पिसाळली होती, सुपरडोम स्टेडियममध्ये खून-बलात्कारांचा हैदोस चालला होता, असं आजही छातीठोकपणे सांगितलं जातं. हे धादांत खोटं आहे.

२९ ऑगस्ट २००५ला पूर अडवणारे बांध फुटले आणि सुमारे ८० टक्के शहर पाण्याखाली गेलं. शहराबाहेर पडायला गाडी नसलेले हजारो लोक, बहुतेक गरीब कृष्णवर्णीय, स्टेडियममध्ये अडकले. वीज नाही, संडास तुंबलेले. टीव्हीवर मात्र चिमुरड्यांवर बलात्कार झाल्याच्या बातम्या, आणि खुद्द पोलीसप्रमुखही तेच सांगत होते! शेवटी प्रेतं न्यायला शीतपेटीसारखा गार ठेवलेला ट्रक आला, दोनशेंच्या तयारीने. मिळाली सहा. चार नैसर्गिक मृत्यू, एक अमली पदार्थांच्या अतिसेवनाने, एक आत्महत्या. खून एकही नाही.

दुकानं फुटली, हे खरं. पण छातीभर पाण्यातून सामान नेणाऱ्या कृष्णवर्णीय तरुणाच्या फोटोखाली एका वृत्तसंस्थेने 'लूट' लिहिलं, तर तसंच सामान नेणाऱ्या गोऱ्या जोडीला दुसऱ्या वृत्तसंस्थेच्या फोटोओळीत ते 'सापडलं' होतं. दोन्ही छायाचित्रकारांनी आपापलं स्पष्टीकरण दिलं. वाचकाच्या मनात ठसला तो फरकच.

या अफवांनी शहरात जे वातावरण तापलं, त्यातच ४ सप्टेंबरला डॅन्झिगर पुलावर पोलिसांनी निःशस्त्र कृष्णवर्णीयांवर गोळ्या झाडल्या. १७ वर्षांचा मुलगा आणि ४० वर्षांचा मतिमंद माणूस मेला. 'आमच्यावर गोळीबार झाला' अशी कथा पोलिसांनी रचली. २०१६मध्ये पाच जणांनी न्यायालयात गुन्हा कबूल केला.