वाचता न येणं वेगळं, वाचलेलं न कळणं वेगळं

धड्याखालच्या प्रश्नांची उत्तरं आली नाहीत की मुलाला हमखास ऐकावं लागतं, ‘अजून वाच, प्रॅक्टिस कमी पडतेय तुझी’. पण उत्तर न येण्यामागे दोन अगदी वेगळ्या अडचणी असू शकतात, आणि एकीवरचा उपाय दुसरीला फारसा लागू पडत नाही.

पहिली डिस्लेक्सिया. यात अक्षर बघून त्याचा आवाज पटकन जुळवणंच जड जातं. बोलायला पोरगं चुणचुणीत, ऐकलेली गोष्ट रंगवून सांगेल, पण पुस्तक उघडलं की जोडाक्षरापाशी अडतं, पहिलं अक्षर बघून बाकीचा शब्द अंदाजाने म्हणून टाकतं, आणि एकेका शब्दाशी एवढी झटापट होते की ओळ संपेपर्यंत सुरुवात डोक्यातून गेलेली असते. १८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन या ब्रिटिश डॉक्टरने अशाच एका १४ वर्षांच्या मुलाबद्दल लिहिलं होतं, त्याचे मास्तर म्हणायचे की सगळं तोंडी शिकवलं तर हा शाळेत सगळ्यात हुशार ठरेल! डोळ्यांना अक्षरं उलटी दिसतात हा मात्र गैरसमज आहे, सुरुवातीला बरीच मुलं अक्षरं उलटी काढतात, आणि रंगीत काचांच्या चष्म्याने डिस्लेक्सिया जात नाही, त्यावर पैसे घालवू नका प्लीज.

दुसरी अडचण बरोब्बर उलटी आणि म्हणूनच लवकर लक्षात येत नाही. मूल खडाखडा वाचतं, उच्चार स्वच्छ, सगळे खूश. मग ‘मीनाने छत्री उघडली तरी तिची वही भिजली’ हे वाक्य वाचायला द्या आणि विचारा, बाहेर काय चाललं होतं? मूल गप्प, कारण पाऊस हा शब्द वाक्यात कुठे आलेलाच नाही. शब्दसंग्रह, न लिहिलेलं ताडणं, कोण कोणाबद्दल बोलतंय ते धरून ठेवणं, गाडी इथे अडते.

१९८६ मध्ये गॉफ आणि टनमर या संशोधकांनी हे फार सोप्या पद्धतीने मांडलं, शब्द वाचता येणं गुणिले भाषा कळणं म्हणजे वाचून समजणं. बेरीज नाही, गुणाकार, त्यामुळे एक बाजू शून्य असली तर दुसरी कितीही भक्कम असो, हाती काहीच येत नाही.

घरी अंदाज घ्यायचा तर तोच धडा तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा आणि तेच प्रश्न विचारा. आता उत्तरं धडाधड आली तर अडचण बहुतेक शब्द वाचण्यात आहे, ऐकूनही आली नाहीत तर भाषेच्या समजेत. ‘टमूक’, ‘गिपाळ’ असे अर्थ नसलेले शब्दही देऊन बघा, डिस्लेक्सियावाली मुलं तिथे अडखळतात कारण पाठांतराचा आधारच उरत नाही. अर्थात हा फक्त अंदाज, निदान तज्ज्ञांकडूनच.

डिस्लेक्सिया असेल तर आवाज आणि अक्षराची जोडी पायरीपायरीने, पुन्हा पुन्हा शिकवावी लागते, शिवाय परीक्षेत जादा वेळ, ऑडिओबुक, आणि वर्गासमोर अचानक उभं करून वाचायला न लावणं. समजेची अडचण असेल तर ऑडिओबुक नुसतं लावून देऊन भागत नाही, मध्येमध्ये थांबून बोलायचं, ती असं का वागली असेल, पुढे काय होईल, हा शब्द अजून कुठे ऐकलास.

काही मुलांत दोन्ही असतं. आणि डिस्लेक्सियावालं मूल वाचायचंच टाळायला लागलं की नवे शब्दही कमी भेटतात, मग वर्षा-दोन वर्षांत दुसरी अडचणही हळूच मागे लागू शकते, म्हणून ते स्वतः वाचायला शिकत असतानाही त्याला वाचून दाखवणं बंद करू नका.