फ्लूटवर अरीथा आली कुठून?

अरीथा फ्रँकलिनसारख्या सोल (काळ्या अमेरिकनांचं भावनाभरलं गाणं) गायिकेला जॅझ फ्लूटवरून सलाम म्हटलं की वाटतं हे हल्लीचंच फॅड असेल, पण ही वाट १९६८ मध्येच मळली होती, अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मेम्फिसला. माणूस हर्बी मान, ब्रुकलिनचा. आधी क्लॅरिनेट, मग सॅक्स वाजवायचा, पण सॅक्सवाले तेव्हा पैशाला पासरी आणि फ्लूटवर जॅझ वाजवणारे अगदी मोजके, म्हणून गडी तिकडे वळला.

त्याचा 'मेम्फिस अंडरग्राउंड' हा काही अख्खा ट्रिब्यूट अल्बम नाही बरं का. पाचच ट्रॅक, त्यात अरीथाचं फक्त 'चेन ऑफ फूल्स'. पण खरी गंमत तिथंच आहे. अरीथा आणि मान दोघंही अटलांटिक लेबलचे, तिच्या रेकॉर्डिंगला इंजिनिअर असायचा तो टॉम डाउड इथं प्रोड्युसर, आणि तिच्या ओरिजिनलमध्ये बेस वाजवणारा टॉमी कॉगबिल या अल्बमच्या बॅंडमध्येही आहेच! म्हणजे घरचीच माणसं, फक्त गाणारी नाही.

आणि हे गाणं असं की जवळपास पूर्णच्या पूर्ण एका कॉर्डवर चालतं. आपल्याकडे तानपुरा लावून एकच राग तासभर आळवतात ना, तसं मान ते दहा मिनिटांच्या वर खेचतो, अरीथाचं तीन मिनिटांतच संपतं. शब्द नाहीत, मग ती 'चेन चेन चेन' म्हणताना जो ठेका धरते तोच फुंकेत आणायचा. माझ्या मते ते सगळीकडे जमलंय असं नाही, मधे जरा लांबतंच, पण खालचा ठेका हलत नाही त्यामुळे ऐकत राहतो आपण.

जॅझच्या सोवळ्यातल्या मंडळींनी मानच्या अशा प्रकारांना नाकं मुरडलीच, तरी अल्बम बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या खपाच्या यादीत २० नंबरपर्यंत गेला.

एक गोष्ट मात्र विसरायला नको, त्याच मेम्फिसमध्ये त्याच वर्षी एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंगचा खून झाला होता. अल्बम जिथं रेकॉर्ड झाला त्या अमेरिकन साउंड स्टुडिओचा स्वतःचा बॅंड तिथलाच, गोऱ्यांचा, आणि मानबरोबर आलेल्यांत व्हायब्राफोनवाला रॉय एयर्स आणि गिटारवाला सॉनी शॅरॉक काळे. अशी मंडळी एका खोलीत बसून अरीथा वाजवतात, आणि शेवटचा ट्रॅक कुठला घेतात, तर 'बॅटल हिम ऑफ द रिपब्लिक', अमेरिकन सिव्हिल वॉरमधलं, दक्षिणेविरुद्ध लढणाऱ्या उत्तरेकडच्यांचं गाणं, तेही दक्षिणेत बसून.