जपानमधील बालवाडीचा अर्ज नेमका कुठे अडतो

आपल्या भागातून नोकरीसाठी जपानला गेलेल्यांची मुले तिकडच्या बालवाडीत जातात, पण त्यांच्या कागदांसाठी खेटे घालतात ते गावाकडचे आजी-आजोबा. तालुक्याच्या ठिकाणी अशा कुटुंबांचे अर्ज भरून देताना दिसते की नकार सहसा मुलामुळे येत नाही. तो येतो आईच्या नोकरीमुळे, चुकलेल्या तारखेमुळे किंवा जन्मदाखल्यावरच्या एका रिकाम्या रकान्यामुळे.

योचिएन ही तीन वर्षांपुढील मुलांची शाळा असून तिथे पालकांच्या नोकरीची अट नाही. होइकुएन म्हणजे लहान मुलांना दिवसभर सांभाळणारी बालवाडी; तिचा अर्ज मात्र नगरपालिकेकडे जातो, आणि आई-वडील दोघेही कामामुळे, आजारपणामुळे किंवा तत्सम कारणाने मुलाला दिवसा सांभाळू शकत नाहीत, हे सिद्ध झाल्याशिवाय तो पात्रच ठरत नाही. नवऱ्यावर अवलंबून म्हणून व्हिसा मिळालेल्या सुनेला वेगळी परवानगी काढून आठवड्याला २८ तासांपर्यंत काम करता येते आणि बऱ्याच पालिका महिन्याला ४८ ते ६४ तासांचे किमान काम मागतात, म्हणजे वाट बंद नाही. पण मालकाने भरून दिलेले कामाचे प्रमाणपत्र जोडावेच लागते. जागा कमी असल्या की पालिका पालकांच्या परिस्थितीला गुण देऊन यादी लावते. नातू अंगणवाडीत सगळ्यांत हुशार होता, याला त्यात एकही गुण नाही.

मुलाला जपानी येत नाही, ही काळजी होइकुएनपुरती तरी सोडून द्यावी, कारण तिथे भाषेची परीक्षा नसते. तिकडचे बालशिक्षण परिसर आणि खेळ यांवर उभे आहे. मूल भाषेच्या तासाला बसत नाही, तर दारात जोडे काढताना, जेवणाआधी सर्वांसोबत ‘इतादाकिमास’ म्हणताना रोज तीच वाक्ये ऐकून ती उचलते. मुळाक्षरे कधी गिरवून घेणार, असे तिथल्या शिक्षिकेला पहिल्याच भेटीत विचारू नये.

विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणून प्रवेशाचे ‘उन्हाळ्यात पाहू’ म्हणायची आपली सवय आहे. जपानमध्ये वर्ग १ एप्रिलला सुरू होतात आणि त्यांचे अर्ज बहुतेक ठिकाणी आदल्या ऑक्टोबर ते डिसेंबरमध्येच घेतले जातात. दिवाळी आटोपून कागद शोधायला बसणाऱ्यांची मुदत निम्मी संपलेली असते. १ एप्रिलला आणि २ एप्रिलला जन्मलेली मुले वेगवेगळ्या वर्गांत जातात, हेही लक्षात ठेवावे.

आता जन्मदाखला. मुलाच्या व्हिसासाठी तो जपानी भाषांतरासह लागतो, आणि नोंद बारशाआधी झालेली असल्याने ‘बाळाचे नाव’ या रकान्यात नुसती आडवी रेघ असते. नाव नोंदीपासून १५ वर्षांपर्यंत घालता येते, मात्र नोंद जिथे जन्म झाला तिथे असते. बाळंतपण आईच्या माहेरच्या तालुक्यात झाले असेल, तर सासरच्या ग्रामसेवकाला काहीच करता येत नाही. पण ही साधी गोष्ट न सांगता ‘पुढच्या सोमवारी या’ म्हणणारे कर्मचारी मी पुष्कळ पाहिले आहेत.

लसीकरणाच्या कार्डावरील लसींची नावे आणि तारखा वैद्यकीय अधिकाऱ्याकडून इंग्रजी अक्षरांत लिहून, शिक्क्यासह घ्याव्यात.

तीन ते पाच वर्षांच्या मुलांचे शुल्क ऑक्टोबर २०१९ पासून माफ आहे, जेवणाचा खर्च वेगळा. त्याहून लहान मुलांचे शुल्क बहुतेक ठिकाणी पालकांच्या कराच्या रकमेवरून ठरते, आणि नुकत्याच गेलेल्या कुटुंबाकडे भारतातील उत्पन्नाचा पुरावा मागितला जातो. तिथे फॉर्म १६ (पगार आणि करकपातीचा कंपनीने दिलेला दाखला) पाठवून भागत नाही, कारण तो एप्रिल ते मार्चचा असतो आणि तिकडचे करवर्ष जानेवारी ते डिसेंबर असते. त्या बारा महिन्यांच्या पगारपावत्या आपल्या कमावत्या मुलाने इथली नोकरी सोडतानाच मागून घ्याव्यात. नंतर जुनी कंपनी त्याचा फोनही उचलत नाही.