इटलीत आरोपी आधीच दोषी धरला जातो का?

‘इटलीत आपण निर्दोष आहोत हे आरोपीलाच सिद्ध करावं लागतं’ हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. तसं नाही. 1948 पासून लागू असलेल्या तिथल्या राज्यघटनेचं 27वं कलम सांगतं की, शिक्षा अंतिम होईपर्यंत आरोपी दोषी मानला जात नाही. म्हणजे अपील चालू असतानाही नाही!

शिवाय नुसतं कृत्य पुरत नाही. दंडसंहितेच्या 42व्या कलमानुसार ते जाणिवेने आणि इच्छेने केलेलं असावं लागतं. पुरावा अपुरा किंवा परस्परविरोधी निघाला, तर फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 530व्या कलमाप्रमाणे निर्दोष सुटका.

गोंधळ बहुधा खटल्याआधीच्या कोठडीमुळे होत असावा. ती शिक्षा नव्हे. आरोपी पळेल, पुरावे बिघडवेल किंवा पुन्हा गंभीर गुन्हा करेल अशा धोक्यापोटी ती असते. तिन्ही कलमं इंटरनेटवर मोफत आहेत, भाषांतराचं ॲप लावून वाचता येतील.