सामुदायिक बागा, न्यूयॉर्क

सामुदायिक बागा, न्यूयॉर्क : शहरातील पडीक भूखंडांवर रहिवाशांनी स्वतः लावलेल्या व सांभाळलेल्या बागा. महापालिकेच्या ‘ग्रीनथम्ब’ कार्यक्रमात आज अशा पाचशेहून अधिक बागा आहेत.

या प्रथेचा आरंभ कुठून धरावा, याबद्दल एकमत नाही. काही अभ्यासक 1894 पर्यंत मागे जातात. आदल्या वर्षीच्या मंदीने बेकार झालेल्यांना डेट्रॉइटचे महापौर हेझन पिंग्री यांनी तेव्हा बटाटे पिकवायला रिकाम्या जागा दिल्या होत्या. न्यूयॉर्कपुरते पाहिल्यास फॅनी पार्सन्स यांची 1902 मधील डिविट क्लिंटन पार्कातील मुलांची शेतशाळा अधिक जवळची ठरते. मात्र दोन्हीकडे जागा वरून मिळाली होती. आधी जागा साफ करायची, परवानगी मागाहून मिळवायची, ही रीत 1973 पासूनची मानणे अधिक सयुक्तिक दिसते. त्या वर्षी चित्रकार लिझ क्रिस्टी व त्यांच्या ‘ग्रीन गरिला’ गटाने बॉवरी-ह्यूस्टन रस्त्यांच्या कोपऱ्यावरील उकिरडा उपसला. कुंपण घातलेल्या भूखंडांत हा गट बिया व खत भरलेले फुगे फेकत असे. ईस्ट हार्लेममधील ‘यंग लॉर्ड्स’ या पोर्तो रिकन तरुणांनी 1969 मध्ये न उचललेला कचरा रस्त्यात रचून वाहतूक अडवली होती. तिथे बाग नव्हती, तरी ती घटना या इतिहासातून वगळता येत नाही. पुढे लोअर ईस्ट साइडच्या कितीतरी बागा पोर्तो रिकन रहिवाशांनीच उभ्या केल्या.

पाडलेल्या घरांच्या राडारोड्यात जुन्या रंगातले शिसे मिसळलेले असते. म्हणून भाजी जमिनीत न लावता लाकडी चौकटींत बाहेरची माती भरून वाफे करतात. पाणी बहुधा परवाना काढून रस्त्यावरच्या अग्निशमन नळातून घेतात. खर्चाचा मोठा भाग माती, लाकूड व कुंपण यांवर होतो, श्रम रहिवाशांचे.

1974 मध्ये बॉवरीची जागा महिना 1 डॉलर भाड्याने मिळाली. 1978 मध्ये सुरू झालेल्या ग्रीनथम्बला केंद्र सरकारच्या वस्तीविकास अनुदानातून पैसा मिळे. भाडेपट्टे मात्र अल्प मुदतीचे व कधीही रद्द होऊ शकणारे होते. माती-अवजारांना मदत मिळे, जमिनीची शाश्वती नसे. या व्यवस्थेतील मूळ उणीव हीच. 1999 मध्ये महापौर रुडॉल्फ जुलियानी यांच्या प्रशासनाने 114 बागा लिलावास काढल्या. जमीन राखण्यासाठी काम करणारी ‘ट्रस्ट फॉर पब्लिक लँड’ ही संस्था आणि अभिनेत्री बेट मिडलर यांची ‘न्यूयॉर्क रिस्टोरेशन प्रोजेक्ट’ यांनी सुमारे 42 लाख डॉलर मोजून त्या सोडवल्या. सातव्या रस्त्यावरील एस्पेरांझा बाग या यादीत नव्हती. तिच्या रक्षणासाठी तरुण कार्यकर्ते ‘कोकी’ या पोर्तो रिकन बेडकाच्या भल्यामोठ्या प्रतिकृतीत बसून रात्रंदिवस पहारा देत. फेब्रुवारी 2000 मध्ये तिच्यावर बुलडोझर फिरला. बागा पाडण्यास न्यायालयाची मनाई त्याच दिवशी, पण उशिरा आली. या वादावरील 2002 च्या समझोत्याने शेकडो बागा राखल्या गेल्या, काही भूखंड घरबांधणीस गेले. ट्रस्टने विकत घेतलेल्या बागांची मालकी नंतर टप्प्याटप्प्याने मॅनहॅटन, ब्राँक्स व ब्रुकलिन-क्वीन्स येथील बागकऱ्यांच्याच भूमिन्यासांकडे (सर्वांच्या वतीने जमीन राखणाऱ्या संस्थांकडे) गेली.