नत्र आणि स्फुरद: तलावात येतात सोबत, जातात मात्र वेगळ्या वाटांनी

नागपूरच्या फुटाळा तलावाच्या काठावर हिरवं पाणी दिसलं की कुणीतरी म्हणतंच, "पाण्यात खत जास्त झालं." खरं आहे, पण कोणतं खत? शेतकऱ्याला हा फरक तोंडपाठ असतो. युरियात 46 टक्के नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस) शून्य. डीएपीच्या पोत्यावर 18:46, आधी नत्र, मग स्फुरद. तलावाचं बोलताना मात्र आपण दोन्ही एकाच पोत्यात भरतो, आणि उपाय तिथेच चुकतो.

येण्याची वाट दोघांची सारखीच: सांडपाणी, निर्माल्य, शेतातून वाहून आलेलं पाणी.

नत्राला हवेचं दार उघडं असतं. सांडपाण्यातल्या अमोनियाचं जिवाणू नायट्रेट करतात. पुढे प्राणवायू नसलेल्या गाळात दुसरे जिवाणू त्याचा नायट्रोजन वायू करून हवेत सोडतात. हे दार आतही उघडतं. हवेत 78 टक्के नायट्रोजन आहे आणि काही नीलहरित शेवाळं तो थेट ओढून घेतात. म्हणून नुसतं नत्र अडवून तलाव सुधारेलच असं नाही.

स्फुरदाला हे दार जवळपास नाहीच. ते गाळात लोहाला चिकटून बसतं, नाहीतर पुढे वाहून जातं. पुढे गेलेलंही संपत नाही: नागपूरच्याच अंबाझरी तलावातून नाग नदी, मग कन्हान, वैनगंगा आणि गोसेखुर्दचा जलाशय. गाळात बसलेलं तर जास्तच चिवट. तळाशी प्राणवायू संपला की लोहाची पकड सुटते आणि स्फुरद पुन्हा पाण्यात येतं. आपला उन्हाळा याला हातभार लावतो. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना साडेसातच. त्यामुळे सांडपाण्याचा नाला वळवल्यावरही तलाव कित्येक वर्षं हिरवा राहू शकतो. लोक म्हणतात, पैसा पाण्यात गेला. मला ते पटत नाही. नाला अडवल्याने नवी उधारी थांबते, गाळातली जुनी बाकी तेवढी उरते.

कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात 1973 मध्ये शास्त्रज्ञांनी 226 क्रमांकाच्या तलावात मधोमध पडदा लावला. एका बाजूला कार्बन आणि नत्र टाकलं, दुसऱ्या बाजूला तेच अधिक स्फुरद. स्फुरदाची बाजू हिरवीगार झाली.

पण म्हणून नत्र निरुपद्रवी ठरत नाही. शेवाळ दुपारच्या उन्हात पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खाऊन टाकतं, पाण्याचा सामू (पीएच) वाढतो आणि एरवी फारसं न बाधणारं अमोनियम विषारी अमोनिया होतं. मासे पहाटे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडत असतील, तर आधी प्राणवायू मोजावा. भर दुपारी मरत असतील, तर अमोनियाचाही संशय घ्यावा. दोन्ही वेळी नुसतं "प्रदूषण" म्हणून सोडून दिलं, तर कारण कधी कळणारच नाही.

जलपर्णीच्या देठापानांत नत्र आणि स्फुरद दोन्ही साठलेलं असतं. ती काढणं चांगलंच, पण काढून काठावरच ढीग रचला तर कुजताना नत्राचा काही भाग हवेत उडतो आणि स्फुरद मात्र पावसाच्या पाण्यासोबत परत तलावात उतरतं. हे ढीग मृगाच्या सरी येण्याआधी, तलावाकडे उतार नसलेल्या जागी न्यायला हवेत.